कस्टर्डचा पिवळा स्कार्फ

विट्बी,
९ जानेवारी

हेटी राणी,

काल तुला फोन केला. मी आपली बोलतेय, बोलतेय, आणि तिकडून नुसता श्वास. शेवटी मला वाटलं कस्टर्डच फोन उचलायला शिकला. मी तसं म्हटलं तेव्हा तू फिस्सकन हसलीस, म्हणून कळलं की तू आहेस.

तर आता फोन बंद. पत्र लिहायचं. शाळा सोडली म्हणून लिहिणं सुटलं असं होत नाही. चुका झाल्या तर होऊ देत. मी आयुष्यभर पोरांना पोहायला शिकवलं, शुद्धलेखन नाही.

मुद्द्याचं ऐक. आम्हा म्हाताऱ्यांच्या या इमारतीत कुत्रं चालत नाही, म्हणून कस्टर्ड तुझ्याकडे आहे. पण अजून तो तुझा नाही. उसना आहे. माझा डेस्मंड सारखा मागे लागलाय, "आई, मला दे, माझ्या भंगाराच्या आवारात राखणीला बसेल." तिथे साखळी असणार, मला माहितीये. पण डेस्मंडच्या तोंडातून आवाज तरी निघतो.

माझी अट साधी आहे. कस्टर्डला रोज बागेत पट्ट्याशिवाय धावू द्यायचं आणि हाक मारली की त्यानं यायचं. हाकेला न येणारा कुत्रा मोकळा सोडणं म्हणजे पोहता न येणारं पोर हौदात ढकलणं. ईस्टरला मी थॉर्नबेकला येईन, बागेत उभी राहून बघेन. आला तर तुझा. नाही आला तर डेस्मंडचा.

तुझी,
विनी आत्याआजी


थॉर्नबेक,
१७ जानेवारी

आत्याआजी,

मी लिहितेय पण काय लिहू ते कळत नाहीये. कस्टर्ड बरा आहे. मी पण.

चिप्सच्या दुकानात मी मागच्या बाजूला असते. बटाटे सोलायचे आणि कापायचे. मला आवडतं. बटाटे काही विचारत नाहीत.

सकाळी मिलफील्ड बागेत जातो. तिथे कुणाला कुणाचं नाव माहीत नाही, फक्त कुत्र्यांची माहितीये. म्हणजे एक बस्टरचे बाबा आहेत. बस्टर म्हणजे तो मोठा तपकिरी, सगळ्यांच्या अंगावर उड्या मारतो. आणि त्याचे बाबा लांऽऽब टेकडीवरून ओरडतात, "घाबरू नका, तो काही करत नाही!" माझा कोट दोनदा चिखलात गेला. एक पिपिनचे बाबा आहेत. म्हातारे. पिपिन छोटी आहे, पांढरी, तिला ते कायम पट्ट्यावरच ठेवतात आणि दुसरा कुत्रा दिसला की बाजूला होतात. मला ते आवडतात कारण ते बोलत नाहीत.

मी कस्टर्डला मोकळं सोडते, पण हाक मारायची म्हणजे... तू त्याचं नाव कस्टर्ड का ठेवलंस? रेक्स ठेवायचं ना. भर बागेत "कस्टर्ड, कस्टर्ड" ओरडलं तर लोकांना वाटेल मी विकतेय. मी जरा हळू बोलावते. तो येतो. म्हणजे त्याचं सगळं हुंगून झालं की येतो.

पण सगळे खूप बोलायला येतात. कुत्रा असला की लोकांना वाटतं बोललंच पाहिजे. किती वर्षांचा, काय खातो, तू शाळेत नाही का जात. मला घाम फुटतो.

डेस्मंडकाकाला प्लीज काही कबूल करू नकोस.

हेटी


विट्बी,
२८ जानेवारी

माझ्या मुखदुर्बळ मैने,

बटाटे काही विचारत नाहीत म्हणे! बटाट्यांना डोळे असतात पण तोंड नसतं, म्हणून तुझं जमतं.

"जरा हळू बोलावते" म्हणजे कसं, ते मी इथून ऐकू शकते, कारण ते ऐकूच येत नाही. अगं, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात. मी हौदाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या पोरांची नावं घ्यायचे. अर्धं गाव माझ्या आवाजानं पोहायला शिकलं, उरलेलं अर्धं घाबरून. हाक पोटातून काढायची, घशातून नाही. तो आला की चीजचा तुकडा द्यायचा आणि पुन्हा सोडायचं. दर वेळी बोलावून घरीच नेलंस तर कोण कशाला येईल? तुला खेळताना हाक मारून घरी नेलं की तू कशी टेबलाखाली जाऊन बसायचीस, आठव.

सोबत कस्टर्डसाठी स्कार्फ पाठवतेय. मी विणला. थंडी आहे, आणि तुझी हाक ऐकू आली नाही तरी निदान कुत्रा लांबून दिसेल. पिवळाधमक घेतलाय मुद्दाम. नावाला शोभतो.

तुझी,
आत्याआजी


थॉर्नबेक,
६ फेब्रुवारी

आत्याआजी,

स्कार्फ खूपच छान आहे. खरंच. तुला माहीत नाही किती छान.

तो घातल्यापासून बागेत सगळं बदललं. लोक आम्हाला मान देतात. लांबून बघतात आणि वाट सोडून बाजूला होतात. कुणी काही विचारत नाही. बस्टरच्या बाबांनी तर चक्क बस्टरला पट्टा लावला! मुलं पण आई सांगते म्हणून मागे राहतात. मी आख्खी बाग फिरून आले आणि एका पण माणसाशी बोलावं लागलं नाही.

मी रोज घालते. म्हणजे कस्टर्ड घालतो.

हेटी

ता. क. ऊन पडलं तरी घालणार आहे.


विट्बी,
२० फेब्रुवारी

हेटी राणी,

तुझं पत्र मी इथे जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. "लोक मान देतात" या वाक्याला मी दोनदा थांबले. माझ्या विणकामाला आजवर कुणी मान दिला नव्हता, तुझ्या बापानं तर मी विणलेल्या स्वेटरनं सायकल पुसली.

मला इतका जोर चढला की मी आणखी एक विणला. इथे धक्क्यावर मिसेस टॉपलिस भेटतात, त्यांचा नेल्सन नावाचा बुटका कुत्रा आहे. त्याला अगदी तस्साच पिवळा दिला. बाई गप्पिष्ट आहेत, रोज धक्क्यावर दहा जणींना गोळा करून उभ्या असतात. आता बघ, सगळ्याजणी माझ्याकडे मागायला येतात की नाही.

हाकेचं काय झालं? त्याबद्दल एक शब्द नाही. मी म्हातारी आहे, आंधळी नाही.

आत्याआजी


थॉर्नबेक,
२ मार्च

आत्याआजी,

सगळं ठीक आहे. इथे क्रोकसची फुलं उगवलीत. दुकानात नवीन कढई आली.

कस्टर्डला सध्या पट्ट्यावरच नेते, आणि मिलफील्डला नाही, कालव्याच्या बाजूला. तिकडे चिखल कमी असतो. स्कार्फ धुवायला टाकलाय.

तू ईस्टरला येणारच आहेस का? प्रवासात दगदग होते. बाबा पण म्हणाले.

हेटी


विट्बी,
९ मार्च

हेटी,

कालव्याला चिखल कमी असतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आता माझी बातमी ऐक. मिसेस टॉपलिस काल माझ्या दारात उभ्या, हातात स्कार्फ, नाक लाल. म्हणाल्या, "विनिफ्रेड, मी तुझं काय वाईट केलंय?" आठवडाभर धक्क्यावर एक माणूस त्यांच्याजवळ फिरकलं नाही. त्या दिसल्या की लोक आपापली कुत्री घेऊन पलीकडच्या कठड्याला चिकटायचे. बाईंना वाटलं, आपल्या तोंडाला वास येतो की काय! शेवटी मासेवाल्याच्या पोरीनं सांगितलं. कुत्र्याच्या गळ्यात पिवळं म्हणजे हा कुत्रा घाबरट आहे नाहीतर चावरा आहे, लांब राहा. म्हणे हल्ली सगळ्यांना माहीत असतं. मला नव्हतं. आमच्या वेळी कुत्रा चावरा आहे हे चावल्यावर कळायचं.

मी माफी मागितली, केक खाऊ घातला, आणि त्या गेल्यावर एकटीच खो खो हसले. मग तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. "लोक मान देतात." "एका पण माणसाशी बोलावं लागलं नाही." गधडे! तुला माहीत होतं!

इथवर मला मजा वाटतेय. पण त्यानंतरचं, कालव्याचं पत्र वाचून नाही वाटत. स्कार्फ का काढलास? मोकळं सोडणं का बंद केलंस? मी येऊ नये असं तुला का वाटतं? काय झालंय ते लिही. सगळं.

आत्याआजी


थॉर्नबेक,
१३ मार्च

आत्याआजी,

हो, मला माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "नको रे जाऊ, पिवळं घातलंय बघ, बिचारा घाबरतो." मी सांगणार होते की नाही, हा घाबरत नाही. पण ते सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. आणि मग मला वाटलं, घाबरतं कुणीतरी, हे खरंच आहे ना. फक्त तो कुत्रा नाही.

मग फेब्रुवारीच्या शेवटी ते झालं. कस्टर्ड मोकळा होता. खाली तळ्याकडे पिपिनचे बाबा पिपिनला घेऊन चालले होते आणि कस्टर्डनं त्यांना बघितलं आणि सुटलाच. त्याला फक्त हुंगायचं होतं. तू ओळखतेस त्याला. मी हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं. पण वर बाकावर माणसं बसली होती, आणि आवाज आलाच नाही. जो आला तो माझा मलाच ऐकू आला.

पिपिनच्या बाबांनी बघितलं, पिवळा स्कार्फवाला कुत्रा धावत येतोय. त्यांना वाटलं चावणार. त्यांनी पिपिनला पटकन उचललं आणि मागे मागे गेले आणि घसरून पडले. हातावर. पिपिनला सोडली नाही त्यांनी. कस्टर्डनं त्यांचा कान चाटला.

लोक धावत आले. मी कस्टर्डला पकडलं आणि गेले. पळून. सॉरी पण म्हटलं नाही.

आता बागेच्या फाटकावर कागद लावलाय. पिवळ्या स्कार्फच्या कुत्र्यामुळे एक गृहस्थ पडले, मनगट मोडलं, मालकानं पुढे यावं. मी तो वाचला आणि तेव्हापासून तिकडे गेले नाही.

स्कार्फ नसता तर ते उभे राहिले असते, कस्टर्डनं हुंगलं असतं, झालं असतं. आणि मी ओरडले असते तर काहीच झालं नसतं.

मी त्यांना चिठ्ठी लिहिली आहे पण मला त्यांचं नाव माहीत नाही. "पिपिनचे बाबा" असं पाकिटावर लिहितात का?

डेस्मंडकाकाला सांगू नकोस. नाहीतर सांग. माहीत नाही.

हेटी


विट्बी,
१७ मार्च

हेटी बाळा,

आधी रागावून घेते. पळालीस ते वाईट केलंस. कुत्र्यानं घाण केली की पिशवीत भरून उचलतेस ना? मग हे पण तुझंच आहे, उचल.

आता दुसरं. फोन नको, पत्र लिही, असं मीच म्हटलं होतं. तुझ्या गप्प बसण्याला मीच पाट मांडून दिला आणि वर पिवळा स्कार्फ घातला. तेव्हा अर्धी लाज माझ्याकडे पाठव, मी ती कपाटात ठेवते.

चिठ्ठी फाड. पाकिटावर काय लिहू म्हणे! दारापर्यंत जायचं, घंटी वाजवायची, तोंडानं बोलायचं. त्यांचं घर कुठलं ते बागेत कुणालाही विचार. नाव माहीत नसेल तर पिपिनचं घर विचार, लगेच दाखवतील.

डेस्मंडला मी काही सांगितलेलं नाही. पण अट बदलत नाही. उलट आता जास्तच. ईस्टर सोमवारी मी बागेत असेन.

आधी कस्टर्डला लांब दोरी लावून चीज वापर, लगेच मोकळं सोडू नकोस.

आत्याआजी


थॉर्नबेक,
२९ मार्च

आत्याआजी,

मी गेले.

मिल रस्त्यावर कोपऱ्यावरचं घर आहे. मी फाटकापर्यंत दोनदा जाऊन परत आले, मग पिपिन खिडकीतून भुंकायला लागली, म्हणजे पळता पण येईना. त्यांनी दार उघडलं. हात प्लास्टरमध्ये. मी जे पाठ केलं होतं ते सगळं बोलले. एकदम नीट. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय?"

आत्याआजी, ते बहिरे आहेत.

म्हणून ते कधी बोलत नाहीत! आणि मला वाटायचं माझ्यासारखेच आहेत. मी पुन्हा बोलले. ते म्हणाले, "पोरी, पुटपुटू नकोस, कानातल्या यंत्राची बॅटरी संपलीय, मोठ्यानं बोल." मी जरा मोठ्यानं बोलले. ते म्हणाले, "चिप्स? मला चिप्स नकोत." मग मला काय झालं माहीत नाही. मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडले, "माझ्या कुत्र्यामुळे तुम्ही पडलात! तो पिवळा स्कार्फवाला! तो चावत नाही! मी खोटं घातलं होतं! मला माफ करा!"

समोरच्या घराचं दार उघडलं. मग शेजारचं. एक बाई दाढी करणाऱ्या नवऱ्याला घेऊन बाहेर आली. आख्ख्या रस्त्याला कळलं.

ते म्हणाले, "अस्सं. मग हे त्या दिवशी का नाही ओरडलीस?"

मी म्हटलं (ओरडून), "मला लाज वाटते!"

ते म्हणाले, "आता तरी नाही वाटत ना? आता काही उरलंच नाही." आणि इतके हसले की पिपिन भुंकायला लागली.

ते खूप बरे नाहीयेत पण. हात दुखतो. पिपिनला फिरवता येत नाही. तिला लहानपणी एका मोकळ्या कुत्र्यानं धरलं होतं, म्हणून ती घाबरते, खरी घाबरते. म्हणून मी विचारलं, मी नेऊ का तिला? ते लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, तुझा कुत्रा हाकेला येतो हे मला आधी दिसू दे. आता ते बाकावर बसतात, मी कस्टर्डला लांब दोरी लावते आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात हाक मारायची. त्यांनी हात वर केला म्हणजे ऐकू गेली. पहिल्या दिवशी त्यांनी हात वर केलाच नाही. झोपले होते.

सध्या पिपिनला सकाळी आधी एकटीला नेते, मग कस्टर्डला. तिला त्याची सवय झाली की दोघांना एकत्र नेईन. फाटकावरचा कागद त्यांनी स्वतः काढला.

त्यांचं नाव मिस्टर ऑडली आहे.

हेटी


थॉर्नबेक,
ईस्टरनंतरचा बुधवार

आत्याआजी,

तू काहीच न बोलता गेलीस. चहा प्यायलीस, बाबांशी बोललीस, कस्टर्डच्या डोक्यावर हात ठेवलास आणि स्टेशनवर गेलीस.

मला माहितीये. मी बघितलं तुझं तोंड. तो पहिल्या हाकेला आला नाही. दुसऱ्या पण नाही. तिसरीला आला, ते पण रमतगमत. पण तू तिथे त्या हिरव्या टोपीत कमरेवर हात ठेवून उभी होतीस आणि माझा आवाज आतच गेला. रोज येतो गं तो. शप्पथ. मिस्टर ऑडलींना विचार, फक्त मोठ्यानं विचार.

डेस्मंडकाका कधी येणार ते आधी कळव. एकदम नको येऊ देत. मला कस्टर्डची वाटी आणि घोंगडी धुऊन ठेवायची आहे. आणि काकाला सांग की त्याला साखळीचा आवाज आवडत नाही.

हेटी


विट्बी,
२३ एप्रिल

हेटी राणी,

तुझी दोन दिवस झोप उडवली त्याबद्दल मी तुझी माफी मागते. पण मजा पण आली, खोटं कशाला बोलू.

ऐक. मी थॉर्नबेकला सोमवारी पोचले नव्हते. मी शनिवारी आले, मैत्रिणीकडे उतरले, आणि रविवारी सकाळी तुला न सांगता मिलफील्डला जाऊन झाडामागच्या बाकावर बसले. पेपरमिंट चघळत. तर तिकडे टेकडीवर कुणीतरी मुलगी ओरडत होती. मी मनात म्हटलं, बाई बाई, सणासुदीच्या सकाळी काय हा गळा! कुणाची आहे ही? तेवढ्यात एक मोठा तपकिरी कुत्रा तिच्या पट्ट्यावरच्या छोट्या कुत्रीकडे धावत आला आणि वरून त्याचा मालक म्हणाला, "घाबरू नकोस, तो काही करत नाही!" तर ती पोरगी त्याला काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. "तुमचा काही करत नाही, पण आमची घाबरते! बोलवा त्याला! येत नसेल तर बांधा!"

मी म्हटलं, भांडकुदळ दिसतेय, पण बरोबर बोलतेय. आणि मग तिनं हाक मारली. "कस्टर्ड!"

मी उठून उभी राहिले. पेपरमिंट घशात गेलं.

हेटी, मी तुला ओळखलं नव्हतं. तू जन्मल्यापासून बघतेय आणि मला तुझा आवाज माहीत नव्हता. तळ्याच्या पलीकडून तो आला, कान मागे टाकून, सरळ, एका हाकेत. मी मारते त्या हाकेला तो असा कधी आला नाही. माझ्या हाकेला तो घाबरून यायचा.

सोमवारी माझ्यासमोर तुझा आवाज बसला, तर बसू दे. कस्टर्डला काही माझ्यासमोर राहायचं नाहीये. काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुझ्या बापासमोर रडले असते, आणि तो अजून त्या सायकलच्या स्वेटरची माफी मागायचा आहे.

माझ्या पिशवीत कस्टर्डचा जुना चामड्याचा पट्टा होता, मी इथे येताना ठेवून घेतलेला. तू जमवलं नसतंस तर त्यानंच त्याला डेस्मंडकडे नेणार होते. दारामागे, बापाच्या रेनकोटाखाली खुंटीवर बघ.

डेस्मंडला मी सांगितलंय, कुत्रा विसर, आवारात घंटा लाव.

तुझी,
आत्याआजी


थॉर्नबेक,
२७ एप्रिल

आत्याआजी,

पट्टा मिळाला. कस्टर्डनं तो हुंगला आणि मग बराच वेळ दाराकडे बघत बसला. मला वाटतं तुझा वास आला. मग मी त्याला मोठ्यानं हाक मारली. घरातच. आई म्हणाली, हळू की गं.

पिवळा स्कार्फ मी पिपिनला दिला. तिच्या बाबतीत तो खरा आहे. बस्टरचे बाबा लांबूनच बस्टरला धरतात आता, आणि मला "गुड मॉर्निंग, हेटी" म्हणतात. त्यांना माझं नाव कुठून कळलं काय माहीत. आख्ख्या मिल रस्त्याला माहितीये म्हणा.

मी गुड मॉर्निंग म्हणते. बहुतेक वेळा.

एक काम आहे. ती पिवळी लोकर उरली असेल तर अजून एक स्कार्फ विणशील का? कस्टर्डला नको. माझ्या मापाचा. रोज नाही घालणार. कधी कधीच.

तुझी,
हेटी